कालिंदी धुरींची हरकत

मसाल्याच्या डंकाच्या शटरवर नोटीस चिकटवून माणूस मोटरसायकलवर बसून निघूनही गेला होता. कालिंदीताई तेव्हा आत कढईसमोर होत्या. बेडगी मिरचीचा घाणा उतरवून त्या बाहेर आल्या, पदराने कपाळ पुसलं आणि मला हाक मारली. मी समोरून भाजी घेऊन येत होते. तीस-बत्तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे आमच्या चाळीत सरकारी कागद वाचायचं काम अजून माझ्याकडेच येतं.

"वाचा बघू बाई. काय म्हणतत?"

मी वाचलं. विभागाच्या स्वच्छ हवा आराखड्यासाठी जनतेच्या सूचना ऑनलाइन मागवण्यात आल्या होत्या. प्राप्त सूचनांनुसार मिरची-मसाला भाजणे व कुटणे हा या भागातील हवेच्या प्रदूषणाचा प्रमुख स्रोत आढळून आला असून, सदर व्यवसाय महिनाअखेरपर्यंत बंद करावा.

"जनतेच्या? खंयची जनता?"

"ऑनलाइन मागवल्या होत्या म्हणे."

"मग मी कोण? मी जनता नाय?"

लालबागमध्ये एप्रिल म्हणजे आमच्याकडे वर्षाचा मसाला करायचे दिवस. आत रुपाली राऊळ दुसरा घाणा टाकत होती. बाहेर बाकड्यावर माहीमहून, विरारहून आलेली गिऱ्हाइकं आपापल्या मिरचीच्या पिशव्या मांडीवर धरून बसली होती. कालिंदीताईंनी ती नोटीस नखाने उकलली, चुरगळली, मग पुन्हा सरळ केली आणि चोळीत खोचली. "हेचो जाब विचारुक व्हयो," असं म्हणून त्या परत कढईकडे गेल्या.

त्यांच्या रागाची ख्याती गल्लीभर होती. एका गिऱ्हाइकाने एकदा शंका काढली की माझी मिरची बदलली. त्याला त्यांनी कढईला खेटून उभं केलं आणि घाणा उतरेपर्यंत हलू दिलं नाही. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. "आता तुझीच काय ती बघ." तो माणूस अजून दरवर्षी येतो, पण शंका काढत नाही.

कणकवलीजवळच्या एका वाडीतून लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हा नवरा, गणपत धुरी, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. लग्नाचं वर्ष सरतंय तोच संप झाला. गिरणी पुन्हा नीट सुरू झालीच नाही आणि गणपतरावही कुठल्या कामावर पुन्हा नीट उभे राहिले नाहीत. कालिंदीताई दुसऱ्याच्या दुकानात मिरचीची देठं काढायला बसल्या, मग भाजायला लागल्या. मनगटापासून कोपरापर्यंत चट्टे घेऊन त्यांनी लेकीला, अनुजाला, शिकवलं, नवऱ्याचं आजारपण काढलं. एका म्हाताऱ्या शेठने कंटाळून डंक बंद करायचं ठरवलं तेव्हा रुपालीला सोबत घेऊन त्यांनी तो चालवायला घेतला. डंक म्हणजे काय, तर मोटरवर खाली-वर होणारी लोखंडी मुसळं. त्यांचा धाडधाड आवाज ऐकूनच आमच्या चाळीला उन्हाळा लागल्याचं कळतं.

आता धुरळ्याचं सांगते.

ज्या गिरणीत गणपतराव होते तिच्या जागेवर एक टॉवर उभा राहिला आणि दुसरा उठत होता. त्या दुसऱ्यासाठी चाळीच्या भिंतीला लागूनच काँक्रीट कालवायचा प्लांट बसवला. दिवसभर सिमेंटचे टँकर, खडीचे ढीग आणि घरघर. गच्चीवर सकाळी पसरलेली लाल मिरची संध्याकाळी राखाडी व्हायची. रुपाली आणि तिची जाऊ एकेक मिरची फडक्याने पुसायच्या. तरी गिऱ्हाइकं सांगत यायची, मसाला दाताखाली कचकचतो. सकाळी दात घासताना आमच्या थुंकीत राखाडी यायचं. तळमजल्यावरच्या कमलाबाईंचा खोकला दोन पावसाळे थांबला नव्हता.

अनुजा अंधेरीला विम्याच्या ऑफिसात आहे. नोटीस यायच्या कितीतरी आधी तिने आईच्या सांगण्यावरून त्याच खात्याच्या ॲपवर प्लांटची तक्रार टाकली होती, फोटोसकट. काही दिवसांनी उत्तर आलं: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. सोबत कुठल्याशा स्वच्छ रस्त्याचा फोटो होता, तो आमचा नव्हताच. उत्तर वाचलं जात होतं तेव्हा भिंतीपलीकडे प्लांट घरघरत होता. खाली लिहिलेलं, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

"तारे मागतंस मेल्या?" कालिंदीताई फोनवरच ओरडल्या. "हय ये, दिवसाढवळ्या दाखवतंय."

अनुजाने पुन्हा तक्रार टाकली. पुन्हा निकाली. असं किती वेळा झालं ते तीच जाणे. शेवटी ॲपने तिला सांगितलं की या ठिकाणाची तक्रार यापूर्वीच सोडवलेली आहे.

नोटीस आली त्या संध्याकाळी अनुजा ऑफिसमधून आल्या आल्या फोन घेऊन बसली आणि तिने ते सर्वेक्षण शोधून काढलं. मुदत कधीच संपली होती, पण प्रश्न अजून दिसत होते. मूळ इंग्रजीत, मराठी कुठल्या तरी यंत्राने केलेलं. "तुमच्या शेजाराचा वरचा उपद्रव निवडा."

"वरचा म्हणजे? वरच्या मजल्यावरचा?" रुपालीने विचारलं. इंग्रजीतल्या 'टॉप'चं, म्हणजे सगळ्यात मोठ्याचं, यंत्राने 'वरचा' केलं होतं.

खाली पर्याय होते. मसाला गिरण्या. बेकरीच्या भट्ट्या. तंदूर. कचरा जाळणे. संपलं. बांधकाम नाही, प्लांट नाही. "इतर" असंही नाही. ज्याला सिमेंटचा त्रास आहे त्याने काय निवडायचं, याला त्या पानावर जागाच नव्हती. शिवाय तुम्ही राहता कुठे, हे कोणी विचारलंच नव्हतं.

आणि आमच्या चाळीत या सर्वेक्षणाचा कोणाला पत्ताही नव्हता. बोर्डावर कागद नाही, मंडळाच्या ग्रुपवर निरोप नाही. खात्याच्या वेबसाइटवर ते पडलं होतं आणि तिथून ते टॉवरच्या ग्रुपवर गेलं होतं. टॉवरमधल्या कोणा अपूर्वा नावाच्या बाईने त्याबरोबर एक व्हिडिओ टाकला होता. वरून, बाविसाव्या की पंचविसाव्या मजल्यावरून काढलेला. त्यात आमची गल्ली, धूर आणि डंकामागच्या उघड्या जागेत कढईवर वाकलेली एक बाई. "माझ्या मुलाला श्वास घेता येत नाही. कृपया लिंकवर जाऊन मत द्या." हजारो लोकांनी तो पुढे पाठवला होता. ठाण्याहून, पुण्याहून, एकाने तर थेट टोरंटोहून लिहिलं होतं, "डन!"

कालिंदीताईंनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, "ही माझी पाठ."

खात्याच्या कार्यालयात मी त्यांच्याबरोबर गेले. तिथला अधिकारी तरुण होता, वागायला सभ्य होता आणि थकलेला होता. राग येऊ नये असाच माणूस, त्यामुळे मला जास्तच राग आला.

"मॅडम, हरकत पोर्टलवर नोंदवायची असते."

"मी हय उभी आसंय. तुका सांगतंय. मला हरकत हाय," कालिंदीताई म्हणाल्या. रागात त्यांची मालवणी आणि मुंबईची मराठी एकमेकींत घुसतात.

"पण मॅडम, विंडो क्लोज झालीये."

त्यांनी त्याच्या मागच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "ही काय उघडी हाय. हिच्यातून सांगू?"

तो हसला नाही. "तुम्ही समजून घ्या. सगळं सिस्टिममध्ये असतं. एवढ्या लोकांनी सहभाग घेतलाय. पारदर्शक प्रक्रिया आहे. तुमचा रिस्पॉन्स सिस्टिममध्ये दिसत नाही, त्याला मी काय करणार?"

"लालबागच्या हवेचं मत टोरंटोला विचारलंत," मी म्हणाले, "आणि भिंतीला लागून राहणाऱ्यांना नाही विचारलंत. ही पारदर्शक प्रक्रिया?"

त्याने टेबलावरचा पेन उचलून पुन्हा ठेवला. मग म्हणाला की नोटीस मिळालेल्यांसाठी सुनावणी होईल. ऑनलाइन. लिंक येईल.

तिथून निघालो ते कालिंदीताई सरळ टॉवरच्या फाटकावर. वॉचमनने सांगितलं, ॲपवर एंट्री करा, वरच्या मॅडमच्या फोनवर ओटीपी जाईल. "कोणत्या फ्लॅटमध्ये जायचंय?" ते आम्हाला माहीत नव्हतं. कालिंदीताईंनी फाटकावरच्या कॅमेऱ्यासमोर तोंड नेलं आणि म्हणाल्या, "अपूर्वाबाय, मी ती मिरची भाजणारी. खाली ये."

आश्चर्य म्हणजे ती आली. पस्तिशीची, घरातल्याच कपड्यांत, केस कसेतरी बांधलेले. वॉचमनने फोन करून सगळं सांगितलं असावं.

"काकू, मला तुमच्याशी भांडायचं नाहीये," ती म्हणाली.

"माका भांडायचा आसा. तू माझो व्हिडिओ का काढलंस?"

"माझा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याला नेब्युलायझर लावून बसते मी. तुमच्या धुराने आम्हा सगळ्यांना ठसका लागतो. मी काय करायचं?"

"ठसको लागता, खरा हाय. माझ्या पोरीलाही लागायचा. पण तुझ्या खिडकीत पांढरो धुरळो येतो काय नाय, ता सांग."

अपूर्वा म्हणाली, "येतो. रोज पुसते."

"तो मिरचीचा हाय?"

"नाही."

"मग तां कित्याक नाय लिवलंस?"

"पर्यायच नव्हता!" तीही आता चिडली होती. "मी शोधला. नव्हता. जे होतं त्यातलं निवडलं. माझ्या पोराला त्रास होतोय, कुणीतरी पहिल्यांदा विचारतंय, तर मी काहीच नको निवडू?"

"माझा पोट निवडलंस."

दोघी फाटकाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. मला वाटलं, आता एकीने तरी मऊ व्हावं. कोणीही झालं नाही. व्हिडिओ काढून टाकणार नाही, असं अपूर्वाने स्पष्ट सांगितलं. कालिंदीताई म्हणाल्या, "ठेव. पण आता प्लांटचो पण काढ. तुका वरसून चांगलो दिसता."

तो तिने काढला. दोन दिवसांनी टॉवरच्या ग्रुपवर टाकला आणि विचारलं की हा सर्वेक्षणात का नव्हता. तिला उत्तर काय मिळालं ते तिनेच नंतर अनुजाला सांगितलं. दुसरा टॉवर त्याच बिल्डरचा, पहिल्याची देखभाल अजून त्याच्याच हातात. कोणी लिहिलं, फ्लॅटच्या किमती पाडायच्यात का. कोणी लिहिलं, चाळवाल्यांकडून काही मिळालं वाटतं. संध्याकाळपर्यंत तिला ग्रुपमधून काढून टाकलं होतं. तिच्या पहिल्या व्हिडिओला टाळ्या देणारे तेच हात.

सुनावणी सकाळी होती. मंडळाच्या खोलीत अनुजाने सुट्टी टाकून लॅपटॉप लावला. कालिंदीताई, रुपाली, देठं काढणाऱ्या सगळ्या बायका, कमलाबाई खोकत खोकत, शिवाय बेकरीवाला. खोली गच्च भरलेली. पडद्यावर मात्र आमचा सगळ्यांचा मिळून एकच चौकोन, आणि त्यावर नाव "अनुजा डी".

पहिल्यांदा प्लांटवाल्या कंपनीच्या माणसाने सुंदर चित्रं दाखवली. प्लांटवर पाणी मारतात म्हणे, दिवसातून कितीदा तरी. मग टॉवरच्या सोसायटीचा सेक्रेटरी चालत्या गाडीतून बोलला. मग खात्यातल्या वरच्या साहेबांनी सर्वेक्षणाचा गोल आलेख दाखवला. लाल भाग मसाल्याचा, भाकरीच्या तीन चतकोरांएवढा.

आमचं नाव पुकारलं. कालिंदीताई पुढे सरकल्या आणि बोलू लागल्या. साहेब म्हणाले, "आवाज येत नाहीये." अनुजाने बटण दाबलं, ते दाबलं जाईना, तिकडूनच बंद ठेवलं होतं. "होस्ट अनम्यूट करतील." होस्टने केलं. "हॅलो, हॅलो." आवाज घुमायला लागला. "बाकीच्यांनी शांत बसा, एका लॉगिनवर एकच व्यक्ती बोलेल." कालिंदीताई म्हणाल्या, "माझा नाव कालिंदी गणपत धुरी..." आणि आवाज परत गेला. तिकडून ऐकू आलं, "वेळ संपलेली आहे. आपलं म्हणणं मेलवर पाठवा. पुढचे."

मग रुपाली म्हणाली, "त्यांच्या ऑफिसाच्या दारात कढई लावूया. दोन घाणे काढूया मिरचीचे. बघू कसा बसतत."

बायका हसल्या, काही उठल्याही. मलाही ती कल्पना फार आवडली होती, खोटं कशाला बोलू.

"नाय," कालिंदीताई म्हणाल्या. "ता तेंका व्हया हाय. फोटो काढतीत आणि म्हणतीत, बघा, ह्योच धूर." त्या उठल्या. "गच्चीवरची चादर घे गो. काल मिरचीखाली होती ती. झटकू नको."

कार्यालय लांब नाही. भर उन्हात आम्ही निघालो तेव्हा खोलीतल्या सगळ्या होत्या. वाटेत आणखी दोन डंकांवरच्या बायका कामं टाकून आल्या. पोहोचेपर्यंत इतका घोळका झाला की दारावरच्या शिपायाला आम्हाला अडवणं सुचलं नाही.

वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत साहेब आणि तो तरुण अधिकारी लॅपटॉपसमोर बसले होते. सुनावणी चालूच होती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळे चौकोन दिसत होते: गाडीतला सेक्रेटरी, कंपनीचा माणूस, तक्रारदार म्हणून बसलेली अपूर्वा. दार ढकलून कालिंदीताई आत गेल्या, आणि साहेबांच्या चौकोनात, त्यांच्या खांद्यामागे, त्या उमटल्या.

"म्यूटवर ठेवलंत, म्हणून चालत आलंय."

"अहो, सुनावणी चालू आहे, तुम्ही..."

"माझीच चालू हाय ना? मग मी बोलतंय."

रुपालीने चादर टेबलावर पसरली. ती पसरताना पांढरा राखाडी धुरळा उठला आणि साहेब खोकले. सगळ्या बायका बघत होत्या साहेबांचं खोकणं.

"ह्या मिरचीचा नाय," कालिंदीताई म्हणाल्या. "मिरची लाल असता, तुमच्या त्या भाकरीत रंगवलात तशी. ह्यो सिमेंट हाय. ह्यो माझ्या मसाल्यात पडता. ह्यो ह्या कमलाबायच्या छातीत हाय. ह्यो त्या पडद्यावरच्या बाईच्या पोराच्या छातीत हाय. तुम्ही विचारलात, उपद्रव कोणाचो? आणि ज्याचो हाय त्याचा नावच लिवलात नाय. असो सवाल विचारतत? कोणी बनवलो तो? नाव सांगा त्याचा!"

तरुण अधिकारी खाली बघत होता.

"माझो धूर येता," त्या पुढे म्हणाल्या. "नाय म्हणत नाय. त्यावर चिमणी घाल म्हणा, घालतंय. वेळ ठरवा, पाळतंय. पण मला इचारल्याबिगर माझा दुकान बंद करूक तुम्ही कोण? मी कढईसमोर होतंय, तुम्ही वरसून मत घेतलात."

तेवढ्यात पडद्यावरून आवाज आला. "मी अपूर्वा. मला बोलायचंय. मी त्या सर्वेक्षणाला लोक आणले होते. त्यात प्लांटचा पर्याय असता तर मी आधी तोच..." आवाज मध्येच कापला गेला. साहेबांचा हात माउसवर होता.

कालिंदीताई टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेल्या. त्या इतक्या हळू बोलल्या की मागच्या बायकांना पुढे सरकावं लागलं. "तिचो आवाज सोड."

"अहो बाई, नियमाप्रमाणे..."

"तिनाच माका बुडवल्यान. तरी सोड. ती बोलता ता ऐक."

साहेबांनी नाही सोडला. त्या तरुण अधिकाऱ्याने हात पुढे करून सोडला. त्याची नंतर बदली झाली असं ऐकलं. त्याचा याच्याशी संबंध होता की नाही, मला माहीत नाही. अपूर्वा बोलली, रडत नाही, चिडून, आणि पूर्ण बोलली. सेक्रेटरीचा चौकोन मध्येच नाहीसा झाला.

निकाल काय लागला तो सरळ सांगते. डंक बंद करायची नोटीस मागे घेतली. भाजायची वेळ सकाळची ठरली, आणि कढईवर चिमणी बसवावी लागली, जिचा फायदा पहिल्यांदा रुपालीच्या डोळ्यांना झाला. प्लांट हलला नाही. त्याच्याभोवती हिरवी जाळी लागली, खडीवर ताडपत्री आली, टँकर धुवून बाहेर पडू लागले. धुरळा कमी झाला, गेला नाही. कमलाबाई पुढच्या पावसाळ्याआधी गेल्या. डॉक्टरांनी फुप्फुसं लिहिलं. कशाने, ते लिहायचा कुठे रकाना नसतो.

आणि तो गोल आलेख अजून खात्याच्या वेबसाइटवर आहे. मी परवाच पाहिला. लाल भाग तेवढाच. वर्तमानपत्रं तोच छापतात, कॉलेजची मुलं त्यावरच प्रकल्प करतात. अनुजाने दुरुस्तीसाठी मेल केले, अपूर्वानेही केले. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं दोघींना आलं.

या वर्षी आराखड्याचं नव्याने ठरवायचं होतं तेव्हा मात्र चाळीच्या बोर्डावर कागद लागला, मराठीत, माणसाने लिहिलेल्या मराठीत. बैठक शाळेच्या सभागृहात ठेवली; ज्यांना ऑनलाइन यायचं त्यांनी तसं यावं. अपूर्वा मुलाला घेऊन खाली आली आणि कालिंदीताईंपासून दोन खुर्च्या सोडून बसली. त्या एकमेकींशी फारसं बोलत नाहीत. बैठक संपताना कारकुनाने इतिवृत्त वाचून दाखवलं: "एका स्थानिक महिलेने धुळीचा मुद्दा मांडला."

कालिंदीताई उभ्या राहिल्या. "एका महिलेने नाय. कालिंदी गणपत धुरी. आणि धुळीचा नाय, सिमेंटच्या प्लांटचा. लिव."

कारकून म्हणाला, नंतर दुरुस्त करतो.

"आत्ता लिव."

लोक उठायला लागले होते, पंखे बंद करायला माणूस आला होता. त्या कारकुनाच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्याने 'धुरी'तला धु ऱ्हस्व टाइप केला तेव्हा मला म्हणाल्या, "बाई, बरोबर हाय काय ता?"

मी म्हटलं, बरोबर आहे. मग त्या म्हणाल्या, "आता प्लांट लिव," आणि तो लिहून होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.